आखाजीच्या झोक्याची फळी: हाताचं हत्यार की मशीन?

अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर उतरवलं, तेव्हा माळ्याची एक सागवानी फळी मी जळगावला घेऊन आलो. पाच फूट लांब, दहा इंच रुंद, सव्वा इंच जाड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येणार होत्या, निंबाच्या फांदीला झोका बांधायचा होता. दोरावर नुसती गोधडी टाकण्याऐवजी यंदा बसायला नीट फळी करावी असं मनात होतं. काम तसं एवढंसं. दोन फुटांवर फळी कापायची, चार भोकं पाडायची, कडा मारायच्या. हाताशी वेळ कमी, म्हणून शेजाऱ्यांकडून कटर मागून आणला, त्याला लाकडाचं पातं लावलं आणि आखलेल्या रेषेवर चालवला. निम्म्यात गेलो असेन, तोच ठिणग्या उडाल्या आणि कटर हातात असा उसळला की मी दोन पावलं मागे सरलो. पाहिलं तर लाकडात पुरता बुडालेला चौकोनी खिळा. लोहाराने घडवलेला, डोकं केव्हाच गंजून झडलेलं. पात्याचे तीन दात गेले होते. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं.

उरलेला काप दुसऱ्या दिवशी हातकरवतीने घेतला. त्यातही एक खिळा निघाला, पण करवतीचा आवाज ‘खर्र’ वरून ‘किर्र’ वर गेला तसा हात आपोआप थांबला. आमच्या गल्लीतले सुतार जिभाऊ जमिनीवर बसून, फळी पायाखाली दाबून काम करायचे. ते म्हणत, “लाकूड काय सांगस ते पहिले आयक.” कटरच्या घरघरीत ते ऐकू येत नाही.

घरी सुतारकाम सुरू करायचं म्हणून पुष्कळ जण विचारतात, हाताची हत्यारं घेऊ की मशीन? या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणतं लाकूड, कोणता काप आणि काम कुठे बसून करणार, एवढं सांगितलं तर उत्तर देता येतं. म्हणून लाकडापासूनच सुरुवात करू.

आपल्याकडे घरगुती कामाला तीन प्रकारचा माल हाती येतो. पहिला जुन्या घरांचा. जळगाव-धुळ्याकडची धाब्याची घरं पडताहेत, त्यांचे खांब, कड्या, फळ्या, दारं विकायला येतात. हे सागवान कित्येक वर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे ते फारसं वाकत-फुगत नाही. नव्या मालात ही गोष्ट पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. पण त्यात खिळे असतात आणि धाब्याची माती भेगाभेगांत बसलेली असते. म्हणून आधी तारेच्या ब्रशने फळी झाडून घ्यावी. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवावं. जिथे ते ओढलं जाईल तिथे खडूने गोल करावा. खिळा पकडीने निघत नसेल तर बाजूचं लाकूड पटाशीने कोरून काढावा. हे झाल्याशिवाय अशा फळीला मशीन लावू नये, रंधाही लावू नये. वखारवालेही खिळ्याचं लाकूड मशीनवर घ्यायला नाखूश असतात आणि त्यांचं बरोबर आहे. एका खिळ्याने त्यांचं पट्टा-करवतीचं पातं वाया जातं.

दुसरा माल म्हणजे वखारीतलं नवं लाकूड, सागवान किंवा बाभूळ. क्वचित सातपुड्याकडचं अंजनही पाहायला मिळतं. अंजन इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, त्याची जुनी मुसळं तेवढी जपावीत. बाभूळ घट्ट आणि चिवट, बैलगाडीच्या चाकांचं लाकूड. ते नीट वाळलेलं नसेल तर तडकतं. सागवान कापायला सोपं, पण त्याच्यात सिलिका म्हणजे वाळूचाच अंश असतो आणि तो धार लवकर खातो. हाताची हत्यारं असोत की मशीनचं पातं, सागवानावर काम करायचं तर धारेकडे वारंवार बघावं लागतं. मशीनला साधं पोलादी पातं न लावता कार्बाइडच्या दातांचं लावावं. वखारीत भाव घनफुटाने सांगतात, तेव्हा हिशेब स्वतः करायला शिका. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. माझी ती पाच फुटांची फळी या हिशेबाने ०.४३ घनफूट भरते.

तिसरा माल प्लायवूड. आठ बाय चारचा १८ मिमीचा ताव पस्तीस-चाळीस किलोंचा असतो. एकट्या माणसाने तो घरात उभा-आडवा करत कापणं हे कष्टाचंही आहे आणि धोक्याचंही. इथे मी हातकरवतही सांगत नाही आणि मशीन घ्यायलाही सांगत नाही. कागदावर मापं काढा आणि ज्या दुकानाकडे किंवा फर्निचरच्या कारखान्याकडे पॅनल कापायचं मोठं मशीन आहे तिथून तुकडे करूनच आणा. प्रत्येक कापाचे थोडे पैसे पडतात, पण कडा सरळ मिळते, वरचा पापुद्रा उडत नाही आणि आठ फुटांचा ताव जिन्यातून चढवावा लागत नाही. प्लायवूडला रंधा मारण्यात अर्थ नसतो. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात, एक थर गुळगुळीत होतो तर शेजारचा फाटतो आणि त्यातला डिंक धार मारतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली किंवा मोरीजवळ लावायचं असेल तर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ चं साधं प्लायवूड कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालतं.

काम किती दिवस टिकायला हवं, हेही आधी ठरवावं. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथलं अधिवेशनाचं टिळकनगर बांबूसारख्या गावच्या साहित्यातून, स्थानिक कारागिरांना हाताशी धरून सजवलं. थोड्या दिवसांसाठी उभं करायचं, त्याला बांबू, कोयता आणि सुंभ पुरे. तसाच विचार घरात करावा. लग्नापुरता मांडव, कूलरखालची घोडी, मुलाच्या शाळेच्या प्रदर्शनाचा फळा, यांना सांधे कोरत बसू नये. स्क्रू मारा आणि मोकळे व्हा. चौरंग, पाट, देवघर, झोक्याची फळी यांच्यावर मात्र घरातली माणसं वर्षानुवर्षं बसतील, हात फिरवतील. तिथे हाताचं काम दिसतं.

आता वीज. कटर साधारण १२०० वॅटचा किंवा त्याहून मोठा असतो, म्हणजे २३० व्होल्टला पाच अँपिअरच्या पुढे ओढतो. घरातल्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर तो चालवायचा नाही. मोबाईल चार्जिंगच्या बारीक वायरचं एक्स्टेंशन लावून अंगणात काम केलं तर वायर तापते, मोटरला व्होल्टेज कमी पडतं आणि तीही तापते. दीड चौरस मिलिमीटरची तीनपदरी वायर घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर हत्याराआधी तो बसवा. शेतातल्या घरी काम करणाऱ्यांना हे आणखी लागू आहे. मोटर कण्हतेय, दिवा मंदावलाय असं दिसलं की मशीन बंद करून करवत घ्यावी. ज्याच्याकडे दिवसाची वीज भरवशाची नाही, त्याने हाताची हत्यारं आधी घ्यावीत, यात मला शंका नाही.

बॅटरीवरचं ड्रिल हा चांगला मार्ग आहे, पण आपल्या उन्हाळ्यात त्याला जपावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत तो त्याहून बराच वर असतो. लिथियमच्या बॅटऱ्या सहसा चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. तापलेली बॅटरी चार्जरला लावली आणि दिवा लाल लुकलुकला, तर चार्जर बिघडला असं समजू नका, तो बॅटरी वाचवतोय. बॅटरी घरात, भिंतीतल्या कपाटात ठेवावी आणि पहाटे चार्ज करावी. उन्हाळ्यात फेविकॉलही लगेच पापुद्रा धरतो. चार सांधे एकदम न भरता एकेक भरून शिकंजात आवळत जावं.

धोक्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे या बाबतीत फार हयगय होते. जो चार इंची कटर आपण लाकडाला वापरतो, तो मुळात फरशी कापायचा. त्याला लाकडाचं पातं बसतं म्हणून तो लाकडाचा होत नाही. फरशी घासून कापली जाते, लाकडाला दात धरतात. फळी मध्ये लोंबली की काप मिटतो, पातं आवळलं जातं आणि कटर उलटा कापणाऱ्याच्या अंगावर येतो. मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या वेगाने ११० मिमीच्या पात्याचे दात ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावत असतात. आपण हात मागे घेऊ म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. लाकडासाठी बनवलेल्या सात इंची सर्क्युलर सॉला खालच्या बाजूने स्प्रिंगचं झाकण असतं, काप संपला की ते पात्यावर आपोआप येतं. कटरला ते नसतं, आणि बटण सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं. वरचेवर कापायचं असेल तर सर्क्युलर सॉच घ्या. वर्षातून दोन फळ्या कापायच्या असतील तर करवत पुरते. अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातांचं पातं तर कधीच लावू नये. कुणी लावून दाखवलं तरी नाही, दुकानात मिळत असलं तरी नाही.

मशीन कोणतंही असो, फळी दोन घोड्यांवर अशी ठेवावी की कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल. पातं बदलताना पिन सॉकेटमधून काढलेली असावी, नुसतं बटण बंद पुरत नाही. फिरत्या हत्याराजवळ हातमोजे नकोत, ते गुंडाळले जाऊन हात ओढतात. आणि खानदेशात एक खास सांगावं लागतं. उन्हामुळे आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात रुमाल असतो. ड्रिल हातात घेण्याआधी तो काढून खुंटीला टांगा. ओढणी, पदर, सैल बाह्या यांचंही तेच. नाकावर मास्क हवाच. लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केली आहे, आणि प्लायवूड-एमडीएफच्या भुशात डिंकही असतो. हातकरवतीचा भुसा जाड असतो, पायाशी पडतो. मशीनचा पिठासारखा उडतो आणि घरभर बसतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे एक कारणही हाताच्या हत्यारांकडे वळायला पुरेसं आहे. शिवाय कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. उन्हाळ्याच्या दुपारी शेजारी डोळा लागलेल्या माणसाचाही विचार करावा.

मग मशीन घ्यायचंच नाही का? घ्यायचं, आणि पहिलं घ्यायचं ते ड्रिल. भोक पाडण्यात हाताची अशी कोणती खास समज लागत नाही. सरळ, एकसारखी भोकं हवी असतात आणि ती ड्रिल गिरमिटापेक्षा लवकर पाडतं. जुन्या सागवानात किंवा बाभळीत आधी भोक न पाडता स्क्रू पिळला तर फळी तरी चिरते नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. आठ नंबरच्या स्क्रूला साधारण ३ मिमीचं भोक पाडा, आट्यांना साबण चोळा, मग पिळा. ड्रिलनंतर लगेच दुसरं मशीन घेऊ नका. सहा महिने काम करा. कोणत्या कामात तुमचा वेळ जातो ते कळेल आणि मग सॉ, सँडर किंवा राउटर यांपैकी काय हवं ते कुणाला विचारावं लागणार नाही. आयटीआयच्या एक वर्षाच्या सुतारकामातही आखणी, करवत, रंधा आणि सांधे आधी शिकवतात, मशीन त्यानंतर येतं.

हाताच्या हत्यारांत गुण्या, खतावणी, एक मध्यम दातांची करवत, १४ इंची लोखंडी रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या, लाकडी मोगरी, अर्धगोल कानस, दोन शिकंजे आणि धार लावायचा दगड एवढं घ्यावं. कुणा सुताराच्या घरी जुना रंधा माळ्यावर पडला असेल तर मागून बघा. पातं जाड असतं, पोलाद चांगलं असतं, वरचा गंज घासून जातो.

पण नवीन असो की जुनं, हत्यार दुकानातून आलं तसं वापरायला घेऊ नका. हाताच्या हत्यारांना कंटाळून मशीनकडे वळलेली बहुतेक माणसं बोथट हत्याराला कंटाळलेली असतात. रंध्याचं पातं आधी मागच्या सपाट बाजूने दगडावर घासा, टोकाशी ते आरशासारखं चमकेपर्यंत. मग उतार. तो २५ अंशांचा असतो, टोकाला ३० अंशांवर बारीक धार धरायची. घासत राहिलात की मागच्या बाजूला बोटाला एक बारीक कड लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली की पातं उलटून दोन-तीन हात मारून काढून टाका. लाकडाच्या आडव्या टोकावरून पातं फिरवून बघा. चुरा पडला तर धार नाही, चकाकणारा काप निघाला तर आहे. घाईने ग्राइंडरवर धार लावायला गेलात तर पोलाद क्षणात निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं आणि मग ती धार चार हातही टिकत नाही. ग्राइंडर वापरायचाच तर दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा. शेवटची धार मात्र दगडावरच.

अशा धारेच्या रंध्याचं खरं काम पावसाळ्यात निघतं. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी की लाकूड आटतं, आणि ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच बदलत नाही. दार चौकटीला घासायला लागलं की लोक इलेक्ट्रिक प्लेनर लावून दोन-तीन मिलिमीटर उडवतात, आणि एप्रिलमध्ये त्याच दाराच्या फटीतून धूळ आणि पाल आत येते. आधी बिजागरीचे स्क्रू बघा. फुगलेली म्हणून दाखवलेली कितीतरी दारं खरं तर खाली लोंबलेली असतात. स्क्रू घट्ट असतील तर चौकटीच्या कडेला खडू घासा आणि दार लावून उघडा. दारावर खडू जिथे उमटला तेवढ्याच जागी रंध्याचे दोन हात मारा, पुन्हा लावून बघा. वरच्या किंवा खालच्या कडेला रंधा कोपऱ्यातून आत न्यावा, बाहेर नेला तर कोपरा चिरतो. उघडी पडलेली कड तशीच ठेवू नका, हवा कोरडी झाली की तिला तेल किंवा रंग द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तिथूनच ओल शिरेल. या कामाला मशीन मला कधीच योग्य वाटलं नाही. कागदाएवढं लाकूड काढायचं असतं, आणि तेवढंच काढणं रंध्याला जमतं.

आता झोक्याच्या फळीकडे परत येतो, कारण दोन्ही प्रकारची हत्यारं तिथे एकत्र आली. चारही भोकं मी ड्रिलने, २० मिमीच्या चपट्या बिटने पाडली. प्रत्येक भोक दोन्ही कडांपासून किमान दीड इंच आत, आणि बिटचं टोक खाली दिसलं की फळी उलटून दुसऱ्या बाजूने पुरं केलं, म्हणजे खालचं लाकूड फाटत नाही. पण मशीनने पाडलेल्या भोकाची कड सुरीसारखी असते. त्यातून दोर गेला आणि झोका हजार वेळा पुढे-मागे झाला की तीच कड दोर कापते. म्हणून प्रत्येक भोकाचं तोंड वरून-खालून अर्धगोल कानशीने गोल केलं, बोट घालून फिरवलं तर कुठेच अडकू नये इतकं. फळीच्या पुढच्या कडेला रंधा मारला, मांडीला टोचू नये म्हणून तिचा कोन घालवला. ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हाताने फिरवला. एका फळीसाठी सँडर काढण्याची गरज नव्हती, सहा खुर्च्या असत्या तर काढला असता. मग जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतं आणि उन्हाळ्यात स्वतःहून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

झोका बांधताना गाठी फळीच्या खाली घ्याव्यात आणि फांदीला दोर घासू नये म्हणून जुन्या टायरचा तुकडा गुंडाळावा. बांधून झालं की कुणी बसण्याआधी ज्वारीचं भरलेलं पोतं फळीवर ठेवून पाच-दहा झोके द्यावेत, मग चारही भोकं आणि गाठी हात लावून तपासाव्यात. त्यानंतर मुलींना हाक मारावी.